चिंचोक्यांत पाच पडत नाही

परवा भाजीवालीनं दारात चिंचेचं पोतं आणून टाकलं. मी अर्धंच सांगितलं होतं, पण ती ऐकणाऱ्यांतली नव्हे. "आजी, वर्षाची बेगमी हाय, अर्ध्यानं काय हुतंय?" असं मलाच ऐकवून गेली. सून म्हणाली, "आई, आता सोललेली चिंच पाकिटात मिळते हो." मिळत असेल. पाकिटातल्या चिंचेत चिंचोके नसतात, तिला घेऊन मी काय करू? गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं, चिंचेला दोन दिवस उन्हं दाखवली, टरफलं काढली आणि आज सकाळपासून बत्ता घेऊन फोडत बसले आहे. बोटं चिकट झाली आहेत, दात आंबले आहेत, आणि शेजारच्या ताटात टक् टक् करत चिंचोके पडताहेत. हा आवाज कानावर आला की मी साखर पेठेतल्या त्या खोलीत जाऊन बसते. मधली पन्नास वर्षं आड येत नाहीत.

सोलापुरात संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठली की थंडी काढता पाय घेते. दुपारी फरशीवर पाऊल ठेववत नाही, आणि चिंचा गाभुळायला लागतात. त्या साली दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. झाडांनीही जणू मागची कसर भरून काढायचं मनावर घेतलं होतं. पोरांचे खिसे, परकराचे ओचे, दप्तराच्या पिशव्या, जिकडं बघावं तिकडं चिंचा. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवलेलं सूत वाळत घातलेलं असायचं. लाल, हिरव्या, जांभळ्या लडींखालून वाकून जावं लागे, आणि एखादा थेंब पातळावर पडला की तो कायमचा. घराघरातून मागांचा खटका ऐकू येई. गिरणीचा भोंगा झाला की बायका चुलीवरचं उतरवत. उंबऱ्या-उंबऱ्यावर मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बाया, आणि तंबाखूच्या वासात मिसळलेला चिंचेचा वास. तो वास मला आजही कुणी बाटलीत भरून दिला तर मी घेईन.

मी वीस वर्षांची होते. बालवाडीचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडलेली, म्हणजे जगातलं सगळं कळतं असं वाटण्याचं वय. एका महिला मंडळानं मला नेमलं. वर्ग म्हणजे एका सूतवाल्या शेठजींची गासड्या ठेवायची खोली. त्यांनी ती वर्षाच्या बोलीवर मंडळाला दिली होती. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, एक खिडकी. एकतीस पोरं, बहुतेक सगळी तेलुगू विणकरांच्या घरची, चारपाच कानडी बोलणारी. मदतीला शेवंतामावशी. ही मोहोळकडच्या खेड्यातली, पंचेचाळिशीची, अंगठेबहाद्दर, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी "चला रं!" म्हटलं की पोरं आपोआप चपला शोधत. पोरांना घरून आणणं, पाणी पाजणं, शेंबूड पुसणं हे तिचं काम, आणि मला जमिनीवर ठेवणं हेही तिचंच.

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पहिल्याच दिवशी मला बसवून सांगितलं होतं. पाडव्याच्या आधी जवळच्या शाळेचे हेडगुरुजी येऊन पोरांना तपासणार. पोरांना एक ते दहा आकडे ओळखता आले तर जूनमध्ये ते त्यांना पहिलीत घेणार आणि शेठजी खोली पुढं चालू ठेवणार. नाही आले, तर खोलीत पुन्हा गासड्या. गासड्या आल्या की माझी नोकरी गेली, मावशीची गेली, ते एक वेळ चाललं असतं. पण ही पोरं परत कुठं जाणार, ते मी रोज बघत होते. आईच्या सुपाशेजारी तंबाखूच्या धुरळ्यात, नाहीतर बापाच्या मागाखाली.

तर मी लागले कामाला. पुठ्ठ्याचा तक्ता केला, त्यावर आकडे आणि पुढं चित्रं. पोरं तक्ता गाण्यासारखा म्हणत. एकपासून दहापर्यंत अगदी सुरात. मी छडी तीनवर ठेवली की म्हणत "सात". छडी नऊवर ठेवली तरी "सात". सात म्हणायला त्यांना आवडायचं, बस्स. महिनाभर मी घसा खरवडला. घरी जाऊन आईजवळ रडलेही एकदा. आई म्हणाली, "अगं, पोरं आहेत, मशीन नव्हेत." तेवढ्यानं काय होतंय!

आणि एका दुपारी, डबे खाऊन झाल्यावर, पायरीवर चार पोरी बसलेल्या दिसल्या. खडूनं पाच-पाच घरांचा चौकोन आखलेला, मधल्या घरात फुली, चार बाजूंना चार फुल्या. चिंचोके दगडावर घासून दोन फाका केलेले, एक अंग पांढरं, एक काळं. (घासलेला चिंचोका तापतो, आणि तो शेजारणीच्या दंडाला चिकटवायचा असतो. हा खेळाचाच भाग.) मराठी घरांत आम्ही याला चल्लसआठ म्हणायचो, ती पोरं अष्टाचम्मा म्हणत. चार फाका टाकायच्या. पांढरी जितकी वर, तितकी घरं पुढं. चारी पांढरी पडली तर चार, चारी काळी पडली तर आठ, आणि चार किंवा आठ पडलं की परत आपलीच पाळी. अंबू नावाची पाच वर्षांची पोर खेळत होती. वेण्या वर बांधलेल्या, पुढचे दोन दात पडलेले. तक्त्यापुढं उभी केली की हिची दातखीळ बसायची. आता तिनं फाका टाकल्या आणि न मोजता, नुसती नजर टाकून म्हणाली, "तीन." आणि सोंगटी, म्हणजे बांगडीची काच, तीन घरं सरकवली. मी तिथंच उभी राहिले. हिला तीन दिसतात की!

दुसऱ्या दिवशी तक्ता खिळ्याला उलटा टांगला. मावशीनं आणि मी मिळून सगळी फरशी आखली, अख्ख्या खोलीभर. एकेक घर एवढं मोठं की पोर आत उभं राहावं. सोंगट्यांच्या जागी पोरंच. सुताच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून आकड्यांची पानं केली. फाका टाकायच्या, पडेल त्या आकड्याचं पान उचलून सगळ्यांना दाखवायचं, मगच पुढं जायचं. चुकीचं पान उचललं की बाकीची तीस पोरं ओरडायला टपलेलीच. मला काही करावंच लागेना. आठवडाभरात एकूण एक पोर पानं ओळखायला लागलं. अंगात मूठभर मांस चढलं म्हणतात ना, तसं झालं माझं. रस्त्यानं चालताना मी मान जरा वर करून चालत असे.

आता या गोष्टीला खेळातून शिक्षण की काय म्हणतात, त्याची शिबिरं भरतात, रंगीत पुस्तकं निघतात. नातीनं परवा मला मोबाइलवर असलंच काही दाखवलं. मी म्हटलं, छान आहे. खरंच छान होतं. पण शिबिरात एक गोष्ट सांगत नाहीत. खेळाचं आपलं एक डोकं असतं, आणि ते मास्तरणीच्या डोक्याला विचारून चालत नाही. हे मला कसं कळलं, ते सांगते.

पाडव्याला तीनेक आठवडे उरले होते. त्या दिवशी माझा तोरा फार वाढला होता म्हणून मी मावशीला हाक मारली. "मावशी, ऐका हो, आपली पोरं कशी तयार झालीत. म्हणा रे!" पोरं उठून उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "एक, दोन, तीन, चार, आठ."

मावशी पाण्याची घागर कमरेवर घेऊन दारात उभी होती. तिनं जरा वाट पाहिली. मग म्हणाली, "बाई, मदली कुटं गेली?"

मी पाचाचं पान शोधलं. पानांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली होतं, नवंकोरं, एकाही बोटाचा डाग नसलेलं. अंबूपुढं धरलं. "हे काय?" अंबूनं पानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "ते पडत न्हाई की, बाई."

बरोबरच होतं तिचं. चार फाकांत पाच पडतच नाही. सहा पडत नाही, सात पडत नाही. चारनंतर एकदम आठ. लहानपणापासून शेकडो डाव खेळलेली मी, वर कोर्स केलेली, आणि मला हे कधी दिसलं नव्हतं. ज्या तक्त्यावर पोरं हौसेनं सात-सात म्हणत होती, तो सातसुद्धा मी घालवून बसले होते. शहाणपण उतू गेलं की असंच होतं. त्या दिवशी मी मान खाली घालून घरी गेले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, चिंचोके वाढवायचे. मलाही रात्रीत ते सुचलं. सकाळी मोठ्या उत्साहानं दहा फाका घेऊन बसले. म्हटलं, आजपासून दहा टाकायच्या. पोरांनी हातच लावला नाही. "असं नसतंय, बाई." "बाईंना येत न्हाई खेळाया." एक कानडी पोर तर उठून दाराशी जाऊन बसलं. मी म्हटलं, मी सांगते ना, हा नवा नियम. तर सगळी माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच डाव चिडते आहे. चिडणं म्हणजे आमच्याकडं खेळात लबाडी करणं, आणि ते करणाऱ्याला पुन्हा कुणी खेळात घेत नाही. बाईंनी सांगितलं म्हणून पोरं गप्प बसतील, पाणी पितील, प्रार्थनेला हात जोडतील. खेळाचा नियम मात्र बाईंच्या अखत्यारीत येत नाही. तीन दिवस मी गोड बोलून पाहिलं, गूळशेंगदाण्याची लाच दिली, एकदा रागावलेही. तेव्हा तर अंबूनं आपल्या चार फाका परकराच्या गाठीत बांधून टाकल्या.

चौथ्या दिवशी मावशी घागर ठेवून मधोमध फतकल मारून बसली. कुणाला काही न बोलता तिनं माझ्या दहा फाका ओंजळीत घेतल्या, खुळखुळवल्या आणि फरशीवर टाकल्या. "सहा," असं स्वतःशीच पुटपुटली आणि उठून एक खडा सहा घरं पुढं नेऊन ठेवला. पोरं हळूहळू गोळा झाली.

"मावशी, चार घ्याचं असतंय," कुणीतरी म्हणालं.

"ती बारक्या पोरांची," मावशी म्हणाली. "आमच्या गावाकडं पाच वर्स झाली की धा घेत्यात. माझ्या आज्याच्या आज्यापासनं. तुमी अजून बारकी असाल तर ऱ्हाऊ द्या बाबा, घाई न्हाई."

दोन मिनिटांत अंबूनं परकराची गाठ सोडली. एकतिसातलं एकही पोर बारकं राहायला तयार नव्हतं.

पोरं गेल्यावर मी विचारलं, "मावशी, खरंच तुमच्या गावाकडं दहा घेतात?"

"छ्या," ती केरसुणी हातात घेत म्हणाली. "चारच की. पर पोरास्नी नेम म्हाताऱ्या माणसाचा लागतोय, बाईचा न्हाई."

आणि मग त्या खोलीत जी मजा झाली! दहा फाकांची गंमत अशी, की त्यांत सगळ्यांत जास्त पडतं ते पाचच. जे कधीच पडत नव्हतं, ते आता दिवसभर पडायला लागलं. त्याच्या मागोमाग सहा, मग सात. पाचाचं ते कोरं पान चार दिवसांत मळून काळं झालं आणि मला दुसरं करावं लागलं. नऊ क्वचित पडे. दहा तर आठवड्यातून एखादं, आणि ते पडलं की मावशी सगळ्यांना गुळाचा खडा देई, म्हणून पोरं दहाच्या पानाकडं देवाच्या टाकाकडं बघावं तसं बघत. सगळी काळी एकदाच पडली. त्याचे किती धरायचे यावर एवढी बाचाबाची झाली की डावच मोडला. पोरांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. चार किंवा आठ पडलं की परत पाळी, हा जुना नियम त्यांनी नव्या डावातही तसाच ठेवला. मावशीनंही हरकत घेतली नाही. फार ओढू नये, हे तिला कळत होतं.

कधीकधी मला वाटतं, आयुष्यात मी सुखी केव्हा होते असं कुणी विचारलं तर मी लग्न, मुलं, घर हे सगळं सांगेन, पण मनात आधी त्या दोन आठवड्यांतली एखादी सकाळ येईल. पत्रे तापायला लागलेत, खिडकीतून सुताच्या लडीचा लाल उजेड आत येतोय, फरशीवर घराघरांतून पोरं उभी आहेत, आणि माझ्या हाताला काही काम नाही. मी भिंतीला टेकून गाभुळलेली चिंच चोखते आहे. शिकवणाऱ्याला याहून काय हवं असतं?

हेडगुरुजी आले ते पाडव्याला चार दिवस उरले असताना. काळी टोपी, धोतर, हातात छत्री, कपाळावर कायमची आठी. मागून अध्यक्षबाई आणि खुद्द शेठजी. शेठजी खोलीत शिरले आणि आधी भिंतीची ओल बघायला लागले. हा माणूस गासड्या कुठं लावायच्या ते बघतो आहे, असंच मला वाटलं. गुरुजींनी पानांचा गठ्ठा मागितला, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "एकेकाला पाठवा."

पहिली अंबू. मला दुसरं कुणीतरी हवं होतं, पण ती पुढं जाऊन उभीसुद्धा राहिली. गुरुजींनी चारचं पान धरलं.

"चार," अंबू म्हणाली.

"शाबास. जा, बस."

अंबू हलली नाही. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "बस म्हटलं ना?"

"चार आलं की," अंबू म्हणाली. "परत माझंच."

गुरुजींची आठी आणखी खोल झाली. अध्यक्षबाई माझ्याकडं बघायला लागल्या. दारातून मावशीच म्हणाली, "गुर्जी, चाराला आन् आठाला पाळी जात न्हाई. खेळाचा नेम हाय."

गुरुजींनी गठ्ठ्यातून दुसरं पान काढलं. नेमकं आठ.

"आठ," अंबू म्हणाली, आणि पाय घट्ट रोवून उभी राहिली. मागं पोरं खुसखुसायला लागली. शेठजींनी भिंत सोडून इकडं पाहिलं. गुरुजींनी आता पानं मुद्दाम पिसली, एक निवडलं, आणि अंबूच्या नाकापुढं धरलं. मी पाहिलं तर पाच.

अंबू पानाकडं बघत राहिली. किती वेळ गेला असेल? दोन श्वास, तीन श्वास. मला तेवढ्यात ती गासड्यांची खोली दिसली, आणि सुपाशेजारी बसलेली अंबूही दिसली. मग तिनं एक मोठा सुस्कारा सोडला.

"पाच," ती नाराजीनं म्हणाली. "गेली पाळी." आणि कुणी न सांगता जाऊन आपल्या जागेवर बसली.

गुरुजी हसले. तो माणूस हसू शकतो हे सोलापुरात कुणाला ठाऊक नसावं, कारण अध्यक्षबाईसुद्धा दचकल्या. बाकीची तीस पोरं त्यांनी तपासली, पण ती तपासणी राहिली नव्हती. चाराला आणि आठाला ते स्वतःच "परत तुझं" म्हणत होते. दोन पोरं नऊला अडखळली. त्यांच्याकडं त्यांनी काणाडोळा केला. उठताना शेठजींना एवढंच म्हणाले, "जूनमध्ये ही सगळी माझ्याकडं पाठवा. आणि इथं नवी बसवा." शेठजींनी मान डोलावली आणि भिंतीला चुना लावून देतो म्हणाले. मी आणि मावशी एकमेकींकडं बघायचं टाळत होतो, कारण बघितलं असतं तर दोघी रडलो असतो. नंतर रडलोच.

पुढल्या वर्षी चिंचेच्या दिवसांत मी एका मैत्रिणीकडं निघाले होते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लष्कर नावाच्या भागात. तिथं ना विणकर, ना मला ओळखणारं कुणी. एका ओट्यावर तीन पोरी खडूनं घरं आखून बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढं चिंचोक्यांच्या दहा फाका. मी थबकले. अगदी भोळेपणाचा आव आणून म्हटलं, "का गं, चार असतात ना? दहा कशाला?"

त्यांतली थोरली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझ्या अडाणीपणाची तिला मनापासून कीव आली होती.

"चार बारक्या पोरांची, बाई. धाच असत्यात. आमच्या आजीच्या आजीपासनं धाच हायती."